दहा बाय वीसचे गुरुजी

पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या मंगळवारी सकाळी मधुकर गुरुजी दूध आणायला बाहेर पडले आणि नाक्यावरच्या चौकात स्वतःलाच भेटले.

नाका म्हणजे कराडहून पाटणला जाणारी एसटी जिथे पाच मिनिटं थांबते तो. तिथे दोन खांबांच्या मधोमध, दहा फूट उंच आणि वीस फूट लांब कापडावर गुरुजी उभे होते. डोक्याला भगवा फेटा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटात सोन्याचं कडं, चार बोटांत चार अंगठ्या आणि उजव्या हातातला मोबाइल कानाला लावलेला. मान गुरुजींचीच होती. मानेखालचे गृहस्थ कोण, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी एक सिंह बसला होता. वर लिहिलं होतं, 'आमचे दैवत, ज्ञानाचा वटवृक्ष, भावी माजी मुख्याध्यापक मा. मधुकर गुरुजी यांना अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' यातला 'भावी' हा छापणाऱ्याच्या साच्यातच असतो, आणि तो काढून टाकावा असं आपल्याकडे कुणाला वाटत नाही. खाली शुभेच्छुकांचे बेचाळीस गोल फोटो होते. बेचाळीसही जण गुरुजींच्या हाताखालून गेलेले.

दुसऱ्या कुणाची ही आनंदाची सकाळ झाली असती. गुरुजींची गोष्ट वेगळी होती. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या ओसरीवर अकरा मुलं शिकायला येतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत क्षेत्रफळ शिकवायला त्यांनी पुस्तकातले आयत बाजूला ठेवले आणि मुलांना गावातले फ्लेक्स मोजायला लावलं. मुलांनी एकतीस मोजले. तेवढ्यावर ती थांबली नाहीत. ज्यांचे फोटो होते त्यांतल्या तिघांना गाठून त्यांनी विचारलं, "तुम्ही हा का लावला?" तिघांनीही एकच उत्तर दिलं, "मी नाही लावला, कार्यकर्त्यांनी लावला."

त्यावर गुरुजींनी निकाल दिला होता, की फोटो ज्याचा, जबाबदारी त्याची. आपण सांगितलं नव्हतं, हे म्हणायला सोपं असतं. नको म्हणून सांगितलं होतं का, हा खरा प्रश्न. मग सगळ्यांनी मिळून, फ्लेक्सबाबत सगळ्यांना सारखा नियम लावावा, असा नगरपंचायतीला अर्ज केला आणि खाली लिहिलं, 'आम्ही आमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावू देणार नाही.' अकरा सह्या मुलांच्या, बारावी गुरुजींची.

हेही एक वेळ पचलं असतं. पण त्या अकरांत अनीश होता. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांनी त्याच्या दहाव्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला दिला होता. मोटारसायकलवर बसलेला अनीश, मागे विमान. सही केली आहे म्हणून पोरगं दोन तास रडलं आणि त्याने तो रद्द करायला लावला. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी वर्गात आला तेव्हा गुरुजींनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

आणि आता पाच वाजता तो अनीश याच चौकातून येणार होता.

गुरुजी दूध न घेताच घरी आले. अनसूयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठ्या कधी केल्या?"

"अगं, त्या माझ्या नाहीत. तो हातच माझा नाही."

"तरीच. मोबाइल सरळ धरलाय म्हणता ना, मला तिथेच शंका आली."

शेजारच्या चंद्राबाई तुळशीला पाणी घालता घालता कुंपणापाशी आल्या. सल्ला द्यायला त्यांना कधी बोलवावं लागत नाही. "हंबीररावांनी तीन दिवसांसाठीच तर लावलाय," त्या म्हणाल्या. "पोरांना तीन दिवस सुट्टी द्या. पोरं खूश, हंबीरराव खूश, आणि तुमचा नेमही मोडत नाही. कुणी बघितलंच नाही तर मोडला कसा म्हणायचा?"

गुरुजींनी या सल्ल्याचा एक अख्खा कप कोरा चहा होईपर्यंत विचार केला, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वाईट सल्ला सहसा सोयीचा असतो, म्हणून त्याला नाही म्हणायला वेळ लागतो. चहा संपला तेव्हा त्यांनी चपला घातल्या.

हंबीरराव बांधकामाचे ठेकेदार. चौथीच्या वर्गात गुरुजींकडे दोनदा बसलेले. गुरुजींना दुकानाच्या दारात बघून ते पायाच पडले.

"आवं गुरुजी, तुमी कशाला आलासा? मीच हार घिऊन येनार हुतो."

"हंबीर, तो फ्लेक्स—"

"बघितलासा? कसा हाय? आपला अर्जुना, सैन्यातला, त्यानं थेट लडाखवरनं फोटू पाठिवला. राणी आठवती का, बोरं चोरायची ती? सांगलीला नर्स हाय. रातपाळी करून आली आन पयला फोटू काढून मला पाठिवला. दोन म्हैनं जमवाजमव चाललीया."

"ते सगळं खरं, पण तो उतरवायला हवा. आज पाचच्या आत."

हंबीररावांचा चेहरा पडला. "काय चुकलं व्हय? शिंव्ह नको हुता का?"

"सिंहाचं काही नाही."

"मग त्यो मोबाइल. मी त्या पोराला सांगितलं हुतं, गुरुजींच्या हातात पुस्तक दे म्हनून. त्यो म्हनला, पुस्तकवालं अंग न्हाई माज्याकडं."

गुरुजींनी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. चौकातलं वळण झाकलं जातं, लोकांना समोरची गाडी दिसत नाही, मोठ्यांचं बघून पोरं तेच शिकतात, आणि मुख्य म्हणजे आपण सही केली आहे. हंबीरराव चौथीत ऐकायचे तसे मान हलवत ऐकत होते. म्हणजे पूर्ण लक्ष देऊन, पण आत काहीही न घेता. शेवटी ते हळूच म्हणाले, "गुरुजी, बेचाळीस मानसं हायती. परवानगी तीन दिसांची हाय. पयल्याच दिशी उतरावला तर काय म्हनतील? गुरुजींना आमी नको झालो. माज्या हातनं न्हाई व्हायचं."

तेवढ्यात नाक्यावरचा चहावाला नाथाजी तरातरा आत आला. तोही गुरुजींचाच विद्यार्थी.

"हंबीऱ्या, माजा फोटू कुटं हाय?"

"तू दिला न्हाईस."

"मागितलास कवा?"

"सगळ्यांस्नी मेसेज टाकला हुता."

"माजा फोन बटनाचा हाय, ठावं न्हाई तुला? माज्या गाड्यासमोर फ्लेक्स आन त्यात मीच न्हाई. गिऱ्हाईक इचारतंय, तू शाळंत गेलतास का न्हाई."

चाळीस वर्षं मुलांची भांडणं मिटवलेल्या माणसाची जीभ विचार करायला थांबत नाही. "अरे, त्याचाही लावून टाक की," गुरुजी म्हणाले.

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत हंबीररावांनी प्रेसला फोन लावला होता. अर्ध्या तासात तीन बाय तीनचा नाथाजी मूळ कापडाच्या खालच्या कोपऱ्याला जोडला गेला. तिथवर चढलोच आहोत तर म्हणून हंबीररावांनी गुरुजींच्या चेहऱ्याभोवती झेंडूचा एक दणदणीत हारही अडकवून टाकला. फ्लेक्स उतरवायला निघालेल्या गुरुजींनी तो नऊ चौरस फुटांनी वाढवून दिला होता.

मग ते नगरपंचायतीत गेले. टेबलामागे यशराज नावाचा तरुण कारकून होता. अतिशय नम्र. गुरुजींचा अनुभव असा, की तुसड्या कारकुनाकडून काम निघू शकतं, कारण तुम्ही टळावं अशी त्याची इच्छा असते. नम्र कारकुनापुढे इलाज नाही.

"बसा ना सर. पाणी घेणार? फ्लेक्स काढायचाय? ज्यांनी लावला त्यांचा अर्ज लागेल."

"पण फोटो माझा आहे."

यशराजने मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो उघडून बघितला, मग गुरुजींकडे बघितलं, मग पुन्हा मोबाइलकडे. "चेहरा तुमचा आहे, ते मान्य. पण खाली तुम्ही दिसत नाही, सर. आणि हरकत पूर्ण व्यक्तीची लागते."

"मग नियमबाह्य म्हणून तुम्हीच काढा."

"नियमबाह्य नाहीये, हाच तर घोटाळा. हंबीरराव परवानगी घेऊन गेलेत. गावातला परवानगी घेतलेला पहिला फ्लेक्स तो." यशराज कौतुकाने म्हणाला. "शिवाय आता फ्लेक्स काढायच्या आधी पंचनामा करावा लागतो. दोन पंच, मोजमाप, फोटो. सात दिवस जातात. मागे एक अर्ज आला होता, की ठरावीक लोकांचेच फ्लेक्स काढले जातात, सगळ्यांना एकच रीत असावी. फार चांगल्या अक्षरातला अर्ज. त्यावरून साहेबांनी ही पद्धत घातली."

"कुणाचा होता?" गुरुजींनी विचारलं, जरी त्यांना उत्तर ठाऊक होतं.

यशराजने फाइल उघडून दाखवली. अकरा सह्या, आणि खाली बारावी.

बाहेर आले तेव्हा दोन वाजले होते. न्याय सगळ्यांना सारखा असावा, हे गुरुजींचं जुनं मत. तो आपल्यालाही सारखाच लागणार, एवढाच त्या मतातला भाग त्यांनी आजवर तपासला नव्हता.

उतरवता येत नाही तर झाकता येईल, हा विचार त्यांचा स्वतःचा. त्याचं खापर आपण दुसऱ्या कुणावर फोडायला नको. अनसूयाबाईंनी घरातल्या होत्या नव्हत्या त्या पाच पांढऱ्या चादरी काढून दिल्या आणि बजावलं, "सुईदोऱ्यानं टाके घाला. खिळे मारलेत तर त्या फ्लेक्सच्या शेजारी मी तुम्हाला टांगीन." फ्लेक्सवर जागा मिळाल्यामुळे नाथाजी गुरुजींसाठी काहीही करायला तयार होता. तो शिडीवर चढला, गुरुजी खालून सांगू लागले. अक्षरं झाकली. सिंह झाकला. अंगठ्या, कडं, मोबाइल झाकला. बेचाळीस फोटो झाकले. नाथाजीने मन घट्ट करून स्वतःलाही झाकलं. मग चेहऱ्यापाशी येऊन तो थांबला.

"आता तेवढं तोंड झाक."

"न्हाई गुरुजी."

"का रे?"

"जित्या मानसाच्या तोंडावर पांढरं कापड? माज्या हातनं न्हाई व्हनार. तुमी दुसरं कायबी सांगा."

गुरुजींनी अंधश्रद्धेवर शिडीखालूनच एक छोटं व्याख्यान दिलं. ते नाथाजीला पटलंही. पण पटलं तरी त्याचा हात पुढे जाईना, आणि गुरुजींच्या गुडघ्यांना शिडी झेपणारी नव्हती. शेवटी नाथाजी खाली उतरला. दोघांनी चार पावलं मागे जाऊन बघितलं.

चौफेर पांढरं शुभ्र. मधोमध गुरुजींचा शांत चेहरा. भोवती झेंडूचा हार. अक्षर एकही नाही, आणि अशा वेळी आपल्या भागात अक्षरांची गरजही पडत नाही.

तेवढ्यात पाटणची एसटी थांबली. ड्रायव्हरने वर बघितलं, टोपी काढून छातीशी धरली. खिडकीतल्या एका म्हाताऱ्याने खाली उभ्या असलेल्या गुरुजींनाच सांगितलं, "लय चांगला मानूस हुता."

"कोण?" गुरुजींनी विचारलं.

"ठावं न्हाई. पर तोंडावरनं कळतंय की."

नाथाजी चादरी काढायला पुन्हा शिडीकडे धावला, पण टाके त्याने मन लावून घातले होते. ते उसवायला तासभर लागला आणि बातमीला तेवढा वेळ लागत नाही. गुरुजी लगबगीने घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत अनसूयाबाई दहा-बारा बायकांच्या घोळक्यात बसून शांतपणे सांगत होत्या, "अहो, दुपारी तर चादरी घेऊन गेले." आणि तो 'चादरी' शब्द ऐकून बायका आणखीच हळहळत होत्या.

गुरुजी आत शिरले. कुणी ओरडलं नाही. बायकांनी एकेकीने पदर सावरला, कामं आठवली आणि त्या निघाल्या. मागून चंद्राबाई पिठलं-भाकरीचं ताट घेऊन येत होत्या. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी न्यायचं असतं, ते. समोर गुरुजींना बघून त्या उंबऱ्यातच अडल्या. ताट परत न्यावं तर कसं, आणि द्यावं तर कशाबद्दल.

"ठेवा हो," अनसूयाबाई म्हणाल्या. "सकाळपासून यांच्या नादात स्वयंपाक झालेला नाही. आणि मीठ बेतानं घातलंय ना, जिवंत आहेत तोवर यांचा रक्तदाब सांभाळायचाय."

गुरुजींनी आपल्या सुतकाचं पिठलं खाल्लं. चांगलं झालं होतं.

साडेचारला हंबीरराव आले. लडाखवरून अर्जुनाचा आणि सांगलीहून राणीचा रडत रडत फोन आलेला. डोळे लाल. गुरुजींना हात धुताना त्यांनी बघितलं. ओसरीच्या पायरीवर बसून राहिले, गुरुजींकडे पाठ करून. रागावलेल्या विद्यार्थ्याशी कसं बोलायचं हे गुरुजी जाणत. पण दुखावलेला विद्यार्थी पन्नाशीचा असेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

पाच वाजता मुलं आली. रोज ती धडपडत येतात, आज शिस्तीत आली. बातम्या त्यांना सगळ्या कळल्या होत्या, सकाळचीही आणि दुपारचीही. बिरदेव मेंढपाळाची सोनम पुढे बसली. अनीश सगळ्यांत मागे.

गुरुजींच्या ओठावर पहिलं वाक्य आलं ते असं, 'मी नाही लावला, हंबीररावांनी लावला.' ते त्यांनी गिळलं. मग सकाळपासून काय काय केलं ते सांगितलं. नाथाजीचा फोटो, पंचनामा, चादरी. मुलं हसली. गुरुजींना वाटलं, निभावलं.

अनीश हसला नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, मी दोन तास रडलो होतो. तुम्ही रडलात का?"

"नाही."

"मग तुम्हाला तो आवडला होता का?"

दिवसभरात हे कुणी विचारलं नव्हतं. हंबीररावांनी 'कसा हाय' विचारलं होतं, पण गुरुजींनी उत्तर दिलं नव्हतं, कारण तोवर ते तत्त्वाला लागले होते. तत्त्वाचा हा एक फायदा असतो, त्याच्या आड माणसाला बराच वेळ उभं राहता येतं.

"हो," गुरुजी म्हणाले. "आवडला. खूप आवडला. सकाळी मी तिथे उभा राहून बेचाळीसच्या बेचाळीस चेहरे ओळखत होतो. मोठे झाल्यावर कोण कसं दिसतं ते बघत होतो. एकही चुकला नाही माझा."

"मलापण माझा आवडला होता," अनीश म्हणाला. "विमानवाला. पण तुम्ही शाबास म्हणालात, म्हणून मला वाटलं, आवडला हेच चुकलं."

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं. "ते माझं चुकलं," ते म्हणाले. "आवडण्यात काही चूक नसते रे. आवडलं तरी नको म्हणायचं, एवढंच असतं ते. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. आज कळलं."

अनीशने थोडा विचार केला आणि तो उठून पुढे सोनमच्या शेजारी येऊन बसला.

पायरीवरून हंबीररावांनी वळून बघितलं. "खरंच आवडला, गुरुजी?"

"खरंच आवडला, हंबीर. मी आधी तेच सांगायला हवं होतं."

"मग सकाळीच बोलायचं की." हंबीररावांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मला वाटलं, तुमास्नी आमीच पसंत न्हाई. अजूनबी चौथीतच धरल्यालं हाय." ते उठले. "चला रं पोरांनो, कापड जड हाय. उतरावू."

"पण परवानगी तीन दिवसांची, पंचनामा..." गुरुजी म्हणाले.

"माजा फ्लेक्स, माजी परवानगी. बेचाळीस जनांस्नी मी सांगतो, गुरुजींनी बघितला, आवडला, काम झालं."

काम दहा मिनिटांत झालं. कापडाची गुंडाळी झाली ती चांगलीच लांब आणि वजनदार. आता हिचं काय करायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. जाळावी तर धूर, फेकावी तर ओढ्यात जाऊन बसणार. सोनम म्हणाली, "गुरुजी, आमच्या बाबांना द्या की. कोकरांच्या वाड्यावर टाकाया. पावसात लय गळतंय."

तसं ठरलं. पुढे हंबीरराव, मागे नाथाजी, मध्ये मुलं, सगळ्यांच्या खांद्यावर ती गुंडाळी, अशी मंडळी गावाबाहेरच्या वाड्याकडे निघाली. वाटेत खरी बातमी न पोचलेले दोघे-चौघे दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभे राहिले. सगळ्यांत मागून चालणाऱ्या गुरुजींनी त्यांना नमस्कार केला.

ओढा ओलांडताना सोनम मागे वळली. "गुरुजी, तोंड वर करून टाकू का खाली?"

गुरुजींनी या प्रश्नाचा नीट विचार केला. वर केलं तर ते रस्त्यावरून दिसणार, म्हणजे तो पुन्हा फ्लेक्सच झाला. "खाली कर," ते म्हणाले.

"मग सारखं कोकरांना दिसल की."

"दिसू दे," अनीश म्हणाला. "त्यांनी कुठे सही केलीय."